दाबल्यावर न जाणारे डाग

डॉक्टरांनी माझ्या शेडमधून चहाचा एक काचेचा ग्लास नेला, तो शेवटपर्यंत परत दिला नाही. ग्लासाचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. मी म्हणत नाही. एस.टी. स्टँडच्या बाहेर पाटीत आंबापोळ्या आणि आमसुलं घेऊन बसणारी बाई मिरजोळ्याला स्वतःची आंब्याची शेड उभी करते, ती अशा वस्तू सोडून देऊन करत नाही. शिवाय तो ग्लास त्यांनी मागून नेला नव्हता. खिशात घातला आणि निघाले. त्याच खेपेला माझी मुलगीही घेऊन गेले.

डॉक्टरांची शहराबाहेर कातळावर हापूसची बाग होती आणि शहरात बाजाराच्या मागे थोड्याच खाटांचं हॉस्पिटल. सकाळी बाग, मग पेशंट. बागेतल्या कपड्यांतच ते हॉस्पिटलात येत. पांढरा शर्ट, खाली खाकी अर्धी चड्डी, पायांत दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला. बाहेर बसलेला नवा पेशंट त्यांनाच विचारी, "डॉक्टर आले काय हो?" हे म्हणत, "बघू," आणि आत जाऊन डॉक्टरच्या खुर्चीत बसत.

हा "बघू" त्यांचा एकमेव शब्द होता म्हटलं तरी चालेल. ताप उतरेल का? बघू. ऑपरेशन लागेल का? बघू. रत्नागिरीत त्यांना बघू डॉक्टरच म्हणायचे. ज्यांना गोड बोलणारा डॉक्टर हवा असे ते दुसरीकडे जात, आणि हे खुशाल जाऊ देत.

बघायचे मात्र खरोखर. माणूस समोर आला की आधी त्याची नडगी बघायचे. "चेहरा खोटं बोलतो," म्हणायचे, "नडगीला ते जमत नाय." एका पतपेढीच्या मॅनेजरला त्यांनी भर मासळी बाजारात पँट गुडघ्यापर्यंत वर घ्यायला लावली होती. कोळणी टोपल्या सोडून बघायला उठल्या. डॉक्टरांनी वाकून दोन्ही पाय पाहिले आणि म्हणाले, "डास चावलेत. जा." मॅनेजरसाहेब पुढे बरेच दिवस सुकी मासळी खात होते म्हणे.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती आंब्यामुळे. त्यांच्या बागेचा माल मी घ्यायचे. भावात मला आजपर्यंत कुणी खाली बघायला लावलेलं नाही. मुंबईचे दलाल माझ्याशी फोनवर बोलायचं टाळतात, मेसेज पाठवतात. या माणसाशी मात्र घासाघीस करताच यायची नाही. ते एक भाव सांगत आणि गप्प बसत. पेटीवर बसून शेडच्या पत्र्यावरचा कावळा बघत राहात. मी हसले, चिडले, उठून गेले, परत आले, तरी त्यांचा आपला कावळा. शेवटी मीच त्यांच्या भावाला यायचे. त्याचा राग मला वर्षभर पुरायचा.

आणि आंबा दाबू द्यायचे नाहीत. गिऱ्हाइकाचा अंगठा आंब्यावर गेला की खेकसायचे, "दाबू नको! आज काही दिसत नाय, चार दिवसांनी आत काळं पडतं." असा माणूस माझ्यासमोर एक दिवस माझ्या मुलीचा हात दाबत बसला.

मे महिना नुकताच लागला होता. शेडमध्ये आंब्याची रास पडलेली, बायका निवड करत होत्या. डागी आंबा बाजूला, चांगला पेटीत. मुलगी कॉलेजची परीक्षा संपवून मदतीला बसली होती. आंबा देठाशी तुटला की त्यातून चीक उडतो, तो अंगावर पडला की भाजल्यासारखा काळपट डाग उठतो. सीझनमध्ये आमच्या प्रत्येक बाईचे हात असे डागाळलेले असतात. माझे तर वर्षभर असतात. मुलीच्या हातावरही डाग होते. मी तिला खोबरेल लावायला सांगितलं होतं.

डॉक्टर पेट्या उतरवून बसले. मी चहा मागवला.

"भाव बोला डॉक्टर."

ते बोलले.

"या भावात तुमची ही जीप पण द्या मग."

"दिली असती," ते म्हणाले, "पण ती पण डागी आहे." आणि नेहमीप्रमाणे वर बघायच्या ऐवजी त्यांची नजर मुलीकडे गेली, तिथेच राहिली. "बाय, इकडे ये गो. हात दाखव."

"चीक लागलाय तिला," मी म्हटलं.

"तुला विचारलं नाय."

माझ्या हातातला ग्लास त्यांनी काढून घेतला. उरलेला चहा ओतून टाकला, शर्टाच्या टोकानं ग्लास पुसला आणि त्याची बाजू मुलीच्या हातावर दाबून धरली. काचेतून बघत राहिले. ग्लास जरा सरकवला, पुन्हा दाबला. बायकांनी हात थांबवले. मला वाटलं, हे भाव चढवायचं नवं नाटक.

"पोरीचा हात सोडा नि भावावर या," मी म्हटलं.

"गप बस." मग आमच्याकडे न बघता, "दाबल्यावर जात नाहीत," असं म्हणाले. मुलीला पायजमा वर घ्यायला लावला. नडग्यांवर बारीक तांबडे ठिपके होते, कुणी मिरचीपूड भुरभुरावी तसे.

"घामोळं आहे ते," मी.

"आ कर," ते तिला म्हणाले. तिनं तोंड उघडलं. गालाच्या आत पिकल्या करवंदासारखा काळा फोड होता, रक्तानं भरलेला. डॉक्टर माझ्याकडे वळले. "तोंडात चीक लागतो काय गो, शेठाणी?"

मी हातातला डागी आंबा चांगल्या पेटीत ठेवला. माझ्या धंद्यात असं कधी होत नाही.

त्यांनी गोळ्यांचं विचारलं. मुलीनं माझ्याकडे बघितलं. कंबर दुखते म्हणाली म्हणून मी तिला माझ्यातली दुखण्यावरची गोळी देत होते. सीझनमध्ये कंबर कुणाची दुखत नाही? शेडमधल्या प्रत्येक बाईच्या पिशवीत ती पट्टी असते. "ती आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. "रक्त थांबवायला आधीच माणसं नाहीत, त्यात ही गोळी असतील त्यांना पण झोपवते." त्यांनी ग्लास खिशात घातला आणि मुलीला जीपमध्ये बसायला सांगितलं.

"डॉक्टर, आणि भाव?" माझ्या तोंडून गेलं. सवयीनं गेलं.

जीप सुरू करत ते म्हणाले, "तुझाच भाव."

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. काळा फोड बघून वाटली नव्हती. जो माणूस कधी एक पैसा खाली आला नव्हता, त्यानं मागे न बघता माझा भाव कबूल केला होता. एवढं काय बघितलं यानं त्या काचेतून?

हॉस्पिटलात दाराबाहेर एक बाकडं होतं, वर न चालणारा पंखा. नातेवाइकांनी तिथे बसायचं. डॉक्टर त्या बाकड्याला सल्लागार मंडळ म्हणत. आत ते फक्त पेशंटशी बोलत. मी मुलीबरोबर आत जायला लागले तर हात आडवा केला.

"मी आई आहे तिची."

"म्हणूनच."

दार लावून ते आत किती तरी वेळ बोलत होते. नर्स सोबत होती, पण मी नव्हते. बाहेर आले तेव्हा चेहरा वाचता येत नव्हता. "तिची पाळी बऱ्याच दिवसांची सुरू आहे, थांबलेली नाय. तुला ठाऊक होतं?"

मला ठाऊक नव्हतं. मी आत गेले आणि तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती भिंतीकडे बघून म्हणाली, "सीझन होता ना."

"सीझन गेला खड्ड्यात! मला सांगितलं असतंस तर..."

"ओरडली असतीस," ती म्हणाली. "आता ओरडतेयस तशी."

हा माझा डॉक्टरांवरचा खरा राग आहे. ग्लास त्याच्या खाली येतो. माझ्या मुलीनं माझ्यापासून ठेवलेली गोष्ट एका अर्ध्या चड्डीतल्या म्हाताऱ्याला पहिल्याच बैठकीत दिली. मी आयुष्यभर लोकांच्या मनातला भाव काढून घेतला, आणि माझ्या घरातला मात्र हा म्हातारा काढून घेऊन गेला.

रिपोर्ट आला. प्लेटलेटच्या आकड्याला शून्यं इतकी कमी होती की मी त्या लॅबवाल्याला म्हटलं, छापायची राहिलीत. डॉक्टरांनी रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहिला, पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा पाहिला. डेंग्यू नव्हता. ताप तर नव्हताच. मला मात्र प्लेटलेट म्हणजे डेंग्यू एवढंच माहीत. आमच्याकडे साथ आली की लोक एकमेकांना आकडे विचारतात, "आज काय निघाला?" "कालच्यापेक्षा उतरला." डॉक्टरांना त्याची चीड. आकडा विचारत आलेल्याला ते सांगत, "बाजार समिती तिकडे. इथे माणूस कसा आहे ते विचार."

"डेंग्यू नाही तर काय आहे?" मी विचारलं.

"इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया. आयटीपी म्हणतात. आता मोबाईलमध्ये बघशील नि मला शिकवायला येशील, त्यापेक्षा मीच सांगतो." ते बाकड्यावर माझ्या शेजारी बसले. "तू करारानं घेतेस त्या बागेला राखणदार आहे?"

"आहे. गुरखा आहे."

"काय करतो?"

"वानर हाकलतो. चोर बघतो."

"समज एक दिवस त्याचं डोकं फिरलं. तुझ्याच शेडच्या बायका आंबे काढायला आल्या, नि तो त्यांनाच चोर समजून काठी घालायला लागला. बायका रोज येतायत, हा रोज पिटाळतोय. बागेत काम करायला कोण उरेल? तुझ्या मुलीच्या रक्ताचं तेच झालंय. प्लेटलेट म्हणजे फुटलेल्या जागी बूच मारणाऱ्या बायका. त्या नसल्या की रक्त कातडीखाली झिरपतं, तेच ते दाबल्यावर न जाणारे डाग. हाडांच्या आत त्या तयार होतायत. पण अंगाचा राखणदारच त्यांना धरतो आणि प्लीहेत नेऊन संपवतो. प्लीहा, म्हणजे पोटातली पानथरी, ही त्याची खोपी."

"का फिरलं त्याचं डोकं?"

"ते पुष्कळदा कळत नाय. मागे एखादा ताप, सर्दी येऊन गेलेली असते. तुझं काय चुकलं नाय, तिचं नाय, खाण्यातलं नाय. कुणाचं चुकलं ते शोधत बसू नको."

"मग त्याला काढून टाका!"

"राखणदार काढून टाकला तर खरे चोर येतील. त्याला जरा झोपवायचा. स्टिरॉइडनं."

"बरी होईल?"

"बघू."

मी हातावर हात ठेवून बसणारी नाही. कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याला फोन लावला, त्यानं तिथे प्लेटलेट देणारा माणूस उभा केला, आणि माझा आंब्याचा टेम्पो घाटावरून परत येताना प्लेटलेटची पिशवी घेऊन आला. ड्रायव्हरनं मुंबईची भाडी सोडली होती. मी पिशवी आल्याचं सांगितलं. मला वाटलं, हा माणूस निदान मान तरी हलवेल.

"कशाला?" डॉक्टर म्हणाले.

"कशाला म्हणजे? कमी आहेत, वरून भरा!"

"बाहेरून बायका आणून सोडल्या तरी राखणदार तोच ना? तासाभरात त्यांना पण मारील."

"तासभर तर तासभर!"

"तो तास कधी लागेल ते माहीत नाय. आत्ता लागत नाय. रक्तपेढीत त्यांचं हलतं यंत्र असतं, त्यावर पिशवी हलती राहू दे. मी सांगेन तेव्हाच आणायची."

"डॉक्टर, पोरगी माझी आहे."

"रक्त तिचं आहे."

मी ओरडले. सगळं हॉस्पिटल ऐकत होतं. तुमच्या आंब्यावर अंगठा चालत नाही आणि माझ्या मुलीचं रक्त गळतंय तर तुम्ही बघू म्हणता, असं बरंच काही बोलले. ते उभे राहून ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर नर्सला म्हणाले, "हिला पाणी दे," आणि आत गेले.

स्टिरॉइड सुरू झालं होतं. शिवाय शिरेतून आणखी एक औषध, लोकांच्याच रक्तापासून काढलेलं. "हे राखणदाराचं लक्ष दुसरीकडे वळवतं," डॉक्टर म्हणाले. तोंडातल्या फोडाला धक्का लागू नये म्हणून गरम काही द्यायचं नाही, दात घासायचे नाहीत, खाटेवरून एकटीनं उतरायचं नाही. घाटावरून मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं मी काढलं, तर म्हणाले, फोनवर कोल्हापूरचा रक्ताचा डॉक्टर रोज बोलतोय, आणि एवढ्या वळणांवर उलट्या करत, डोकं आपटत नेण्यापेक्षा इथे झोपलेली बरी. "एकच लक्षात ठेव. डोकं दुखायला लागलं तर मी जेवत असलो तरी बोलवायचं." हे त्यांनी नर्सला सांगितलं, मुलीला सांगितलं, झाडूवालीला सांगितलं. मला सांगायची गरज नव्हती. मी त्या दिवसापासून तिच्या कपाळाकडेच बघत होते. ती डोळे मिटायची आणि मी तिला हाक मारून उठवायचे. डोक्यात रक्त उतरलं तर काय होतं ते मला नर्सनं दाराआड सांगून ठेवलं होतं.

आणि एका दुपारी ती म्हणाली, "आई, डोकं ठणकतंय."

नर्स धावली. डॉक्टर एका पायात चप्पल घालून आले. एरवी सावकाश चालणारा माणूस दाराच्या चौकटीला खांदा आपटून आत आला. तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. दोन्ही हात वर करायला लावले. हसायला लावलं. ती हसली, दोन्ही बाजूंनी सारखीच. "आंब्याची आढी कशी लावतात ते सांग," म्हणाले. ती सांगायला लागली. खाली पेंढा, त्यावर आंबे, वर परत पेंढा. शब्द नीट येत होते. डॉक्टर तिच्या तोंडाकडे बघत होते, मी डॉक्टरांच्या. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

"पिशवी आणा," ते म्हणाले.

कुणाला म्हणाले कळलं नाही, पण मीच पळाले. रक्तपेढीतून पिशवी आली, लटकवली. पिवळसर, ताकाच्या निवळीसारखं काही तरी थेंब थेंब तिच्या हातात उतरायला लागलं. तशीच तिला स्कॅनला नेली. जीप डॉक्टर स्वतः चालवत होते, बैलगाडीसारखी, प्रत्येक खड्डा चुकवत. मागून गाड्या भोंगे मारत होत्या. मी मागे बघून शिव्या देत होते. ते नाही म्हणाले नाहीत.

स्कॅन स्वच्छ निघाला. डोक्यात काही नव्हतं.

परत आल्यावर डॉक्टर सल्लागार मंडळावर माझ्या बाजूला बसले. पाय लांब केले. एक पाय अनवाणीच होता. मला वाटलं, आता बोलतील. आता म्हणतील की तू आणून ठेवलीस म्हणून वेळेला मिळाली. ते म्हणाले, "बाय घरी चहा किती वेळा घेते?"

"सकाळी, दुपारी, संध्याकाळी. मधे मी घेतला तर माझ्यातला."

"नि इथे आल्यापासून?"

"तुम्हीच बंद केलात की गरम."

"मग चहानं दुखलं असणार डोकं. चहा सुटला की दुखतं."

"चहा?" मी उठून उभी राहिले. "माझ्या पिशवीनं वाचली ती!"

"पिशवी आत्तापर्यंत गेली पण."

"मग लटकवलीत कशाला?"

"तेव्हा माहीत होतं काय, चहा आहे ते?"

यावर आमचं भांडण किती वर्षं चाललं! ते पेट्या घेऊन आले की मी म्हणायचे, "बसा, माझ्या पिशवीनं वाचलेली मुलगी चहा आणतेय." ते म्हणायचे, "चहा आण बाय, नाहीतर आई स्कॅन करायला लावील." ती दोघांकडे बघून आत जायची. मला त्यांच्या तोंडून एकच शब्द हवा होता. तो मी त्यांच्याकडून काढू शकले नाही.

रक्त थांबलं, पण बरी झाली असं म्हणायला डॉक्टरांनी कधी परवानगी दिली नाही. स्टिरॉइडनं तिचा चेहरा पोफळीवरच्या चंद्रासारखा गोल झाला. भूक राक्षसासारखी, राग माझ्यासारखा. शेजारणी म्हणायच्या, मुलगी काय बाळसं धरते! साखर चढायला लागली म्हणून डॉक्टरांनी आंबा बंद केला. आंब्याच्या शेडमध्ये राहून आंबा नाही. ती रडली, आणि मी गोळ्या थांबवायचं ठरवलं. डॉक्टरांना कसा कुणास ठाऊक वास लागला. "एकदम थांबवल्यास तर त्यानं आणखी वेगळं दुखणं उठेल. हळूहळू उतरवायच्या. तू भाव उतरवतेस तशा."

मालगुंडहून माझी नणंद पपईच्या पानांचा रस घेऊन आली. पोरीला पाजायचाच म्हणाली. मी तो डब्यातून हॉस्पिटलात नेला, विचारून पाजू म्हटलं. डॉक्टरांनी डबा उघडला, वास घेतला आणि आम्हा दोघींच्या समोर अर्धा डबा स्वतःच प्यायले. तोंड वाकडं करून म्हणाले, "यानं राखणदार सुधारत नाय. माझ्या प्लेटलेट मात्र वाढतील. तिला ताक द्या."

नणंद पुन्हा काही घेऊन आली नाही.

मग एकदा ठिपके परत आले, मग गेले. मुंबईच्या एका डॉक्टरनं प्लीहा काढायचं सुचवलं. राखणदाराची खोपीच पाडून टाकायची. मी तयार होते, मला एकदाचा सौदा संपवायचा होता. बघू डॉक्टरांनी मुलीला विचारलं, "तुला काय वाटतं?" तिनं थांबू म्हटलं. ते म्हणाले, "मग थांबू. लगेच पाडायलाच हवी असं काही नाय." पुढे दुसऱ्या गोळ्या आल्या, हाडांना जास्त प्लेटलेट बनवायला लावणाऱ्या, आणि त्यांच्यावर ती कॉलेज पुरं करून शेडचं काम बघायला लागली. आकडा कधी पुरा वर चढला नाही. "तिला भागतंय तेवढ्यात," डॉक्टर म्हणायचे. "भरलेल्या बागेचा फोटो काढायचा आहे काय तुला?"

या सगळ्यात तो माझा ग्लास त्यांच्या टेबलावर होता. पेशंटच्या नडगीवर दाबायचा, बघायचा, खाली ठेवायचा. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, "माझा ग्लास." ते म्हणायचे, "हा आता तपासणीचा झाला. यातून चहा कसा पिशील?"

शेवटच्या सीझनला ते पेट्या घेऊन आले तेव्हा हात थरथरत होते. पेटीवर बसायलाही वेळ लागला. मी भाव विचारला, त्यांनी सांगितला, आणि वर बघितलं. कावळा नव्हता. मी म्हटलं, "डॉक्टर, आता तरी सांगा. त्या दिवशी पिशवीनं वाचली की नाही?"

"नाय."

"मग तुम्ही एका चपलेनं का धावलात?"

"घाबरलो म्हणून," म्हणाले. "पिशवी लटकली तेव्हा जरा बरं वाटलं. मला. तिला नाय." आणि लगेच, "तिला चहानंच बरं वाटलं असतं."

हे मान्य करणं होतं की नव्हतं, ते मला आजही ठरवता येत नाही. मी त्यांच्या भावाला आले.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. बाग आता पुतण्या बघतो. तो पेट्या आणतो, एक भाव सांगतो, मी नुसती भुवई वर केली की खाली येतो. त्यात काही राम नाही.

परवा सकाळी शेडच्या दारात मुंबईचा टेम्पो उभा होता. अर्धा भरलेला, ड्रायव्हर घाईत. मी निवडीवर बसले होते. मुलगी बायकांमधून सरळ माझ्याकडे आली. तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं, मला मागून कळलं. हॉस्पिटलात फोनही केला नव्हता. माझ्यासमोर पाटावर बसली, सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि म्हणाली, "आई, ग्लास दे."

मी हात पुसले. त्याच जोडातला दुसरा ग्लास आणला. तिच्या नडगीवर दाबला, काचेतून बघितलं. सरकवला, परत दाबला.

"जातायत?" तिनं विचारलं.

"नाय."

"कालपासून आहेत. आज जास्त वाटले म्हणून म्हटलं आधी तुला दाखवावे."

मी ओरडले नाही. "आ कर," म्हटलं. तोंड स्वच्छ होतं, गाल, जीभ, हिरड्या, सगळं. पाळीचं विचारलं, तिनं नीट सांगितलं. गोळीबिळी काही घेतली नव्हती. डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेल्या बाई आता ते हॉस्पिटल बघतात, त्यांना फोन लावला. लगेच घेऊन या, म्हणाल्या. घाबरू नका, पण या.

ड्रायव्हर बाहेरून ओरडत होता, "मावशी, किती वेळ?"

"थांब म्हटलं ना!"

मुलगी उठली, ओढणी घेतली.

"डोकं दुखतंय?" मी विचारलं.

"नाही."

"चहा घेतलास?"

"नाही अजून. आई, चल ना, त्या वाट बघतायत."

"बस खाली." मी शेगडी पेटवली, चहा टाकला, गाळला, कोमट होईपर्यंत दोन ग्लासांतून वरखाली केला आणि तिच्या हातात दिला. "सगळा पी. तिथे गेल्यावर डोकं दुखलं, तर ते चहानं नाही, एवढं तरी मला छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग बसली आणि सगळा प्याली.